मनगटानं आवळायचे बोल्ट

वाचनालयाच्या अंकासाठी गावातल्या एखाद्या माणसाबद्दल लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हणून कळवलं. मला लिहिण्याची सवय नाही. चाळीस वर्षं कापड मोजलं, फाडलं, घडी घालून दिलं. त्यापलीकडे या हातांना फारसं काही येत नाही. पण तिसऱ्यांदा निरोप आला त्याच आठवड्यात आमच्या बसस्टँडजवळ एक नवी पाटी लागली. ती वाचली आणि मी हो म्हटलं. पाटीवर संगप्पाचं नाव आहे. म्हणून संगप्पाबद्दलच लिहितो. त्याच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे वाचणाऱ्याला पुढे कळेलच.

संगप्पा चाकूरचाच. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. विहिरीवरची इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचा. शाळा चौथीपर्यंत झालेली. काम शिकला ते हैदराबादला एका मिस्त्रीच्या हाताखाली, त्यामुळे हात तयार पण कागद एकही नाही. अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. काम सुरू करण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सरकवायचा आणि वरचं बटण लावायचा, ऊन कितीही असो. मग चालू इंजिनाला तळहात लावून थोडा वेळ डोळे मिटून बसायचा. लोक हसायचे. "काय म्हणतंय रे?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "भूक लागली म्हणतंय." आणि खरोखरच डिझेल नीट पोचत नसायचं.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला त्या वर्षी मी जुनी मॅटेडोर घेतली. आसपासच्या आठवडी बाजारांत कापड न्यायला बैलगाडी पुरत नव्हती आणि एसटीच्या टपावर गठ्ठे भिजायचे. भिजायची भीती मात्र लवकरच संपली, कारण जिल्हा झाला आणि दोन-तीन वर्षांतच पाऊस गेला. दोन्हींचा काही संबंध नाही. पण आमचा हॉटेलवाला दगडोबा, तेव्हा तो पंचविशीतला होता, म्हणायचा, "जिल्हा मागून घेतला, पर ढग उस्मानाबादेतच ऱ्हायले."

विहिरी आटल्या. पाणीच नाही तर पंप कोण दुरुस्त करून घेणार? संगप्पाच्या दारात कोणी येईना. त्याच सुमारास लातूरच्या नव्या कार्यालयात हातपंप दुरुस्तीसाठी माणसं घ्यायचं ठरलं. सगळीकडे बोअर पाडणं चालू होतं आणि पंप महिन्याभरात बंद पडत होते. आमच्या भागासाठी एक जागा होती. संगप्पा जाऊन साहेबांना भेटून आला. साहेब म्हणाले, कागद नसला तरी चालेल, पण गावातल्या दोन जाणत्या माणसांना मी स्वतः येऊन विचारीन. संगप्पानं दोन नावं दिली. एक सरपंचांचं, दुसरं माझं.

हे सांगायला तो घरी आला तेव्हा माझी गाडी दारात उभी होती आणि मी तिच्यावर चिडून बसलो होतो. चढावर क्लच घसरायचा, खालून तेल गळायचं. लातूरच्या गॅरेजवाल्याने तीन आठवड्यांनंतर या म्हणून सांगितलं होतं. जिल्हा झाल्यापासून त्याच्याकडे सरकारी जीपांचीच रांग होती.

संगप्पा गाडीखाली गेला आणि बाहेर आला.

"अप्पा, क्लचचं दुखणं न्हाई हे. इंजिनाचं मागचं सील झिजलंय. तेल गळून क्लचवर बसून राहिलंय."

"मग ते रबर बदलू."

"पुढं रबर हाय, ते बी कडक झालंय. मागं मात्र दोरी असती हिला. पंपाच्या ग्लँडला असती तशी."

पंपाचा ग्लँड आमच्याकडे सगळ्यांना माहीत. फिरत्या दांड्याभोवती दोरी गुंडाळलेली असते, थेंब जास्त पडू लागले की बाहेरचे दोन नट थोडे आवळायचे. विहीर असलेल्या प्रत्येकाच्या हाताला ही सवय आहे. माझीही चार एकर आणि एक विहीर होती. मी लगेच म्हणालो, "मग काय, सोपंच आहे."

संगप्पा म्हणाला, "सोपं न्हाई. पर करू. नांदेडहून सील आन् दोरी तेवढी आणा."

तीन दिवस आमच्या अंगणात काम चाललं. विहिरीतून पंप ओढायची त्याची तीन पायांची लोखंडी घोडी आणि चेनकप्पी त्याने आणली, गाडीचं तोंड उचलून धरलं आणि इंजिन हळूहळू खाली फळ्यांवर उतरवलं. दोरी दिवसभर तेलात भिजत ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन माझ्या पत्नीला म्हणाला, "वैनी, एखादं जुनं लाटणं हाय का?"

"इंजिनाच्या पोळ्या करता का?" जगदेवी म्हणाली.

"दोरी लाटायची हाय. खोबणीत बसवायला."

"न्या. पण परत आणू नका. तेलकट पोळ्या ह्यांना चालत नाहीत."

लाटण्याने त्याने ती दोरी गोल खोबणीत अशी दाबून बसवली की मी पाहतच राहिलो. टोकं दाढीच्या पात्याने कापली, केसभर वर ठेवून. पुढचं रबरी सील तळहाताने ठोकत बसवलं, हातोडा लावला नाही. शेवटी खालचं तेलाचं पात्र, ज्याला ते चेंबर म्हणतात, चढवताना त्याने मला मुद्दाम जवळ बोलावलं.

"हे बघा अप्पा. चेंबरच्या कडंला बुचाची वादी हाय, तेल अडवायला. बोल्ट दहा नंबरचे. हे मनगटानं आवळायचे, खांद्यानं न्हाई. बूच दबलं की काम झालं, चिरडलं की गेलं."

"बरं."

"आन् आठ-दहा दिवस थेंब पडंल. पडू द्या. दोरी नवी हाय, दांड्याशी वळख व्हायला येळ लागतो तिला. हात लावू नका. फकस्त तेल बघत जावा."

मी हो म्हटलं. हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलंच नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

गाडी सुंदर चालली. चढ असा चढली की जणू नवी. पण खाली थेंब पडत होता. पाण्याचा टँकर तेव्हा आमच्याच दारापुढच्या चौकात थांबायचा. चौथ्या दिवशी सकाळी घागरींची रांग लागली होती, आणि सारवलेल्या अंगणात गाडीखाली ताटलीएवढा काळा डाग. साखराबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती. ती रांगेतूनच म्हणाली, "अप्पा, समद्या गावाचे आड आटले आन् तुमच्या गाडीला झरा लागलाय की."

बायका हसल्या.

"घागर लावू का खाली? भाजीला होईल."

पुन्हा हसल्या. मी घरात गेलो. मला लाज वाटली. कशाची लाज वाटावी हे मला आयुष्यात नीट कळलेलं नाही, त्याचा हा एक पुरावा.

दुपारी गल्ली झोपलेली असताना मी दहा नंबरचा पाना घेऊन गाडीखाली शिरलो. थेंब चेंबरच्या मागच्या कडेवरून पडत होता. दोरीकडे बाहेरून हात पोचत नाही, पण बोल्ट समोर दिसत होते, आणि हाताला पंपाची सवय. थेंब पडतो, आवळा. मनगटाने आवळून पाहिलं, बोल्ट हलेनात. मग विहिरीवरचा एक इंची पाईपचा तुकडा आणला, सव्वा हात लांब, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि खांद्याचा जोर लावला. एकेक बोल्ट अर्धा आटा फिरला. मागच्या बाजूला कट् असा बारीक आवाज आला. मला वाटलं, बसलं. थेंब थांबला. मी पाईप जोत्यावर ठेवला, हात धुतले आणि झोपलो. छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी माल आणायला नांदेडकडे निघालो. लोह्याच्या पुढे समोरचा तेलाचा लाल दिवा लागला. वायर हलली असेल म्हणून मी दोन-तीन मैल तसाच गेलो. मग इंजिनाने एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि ते जागच्या जागी अडकलं. खाली उतरून मागे पाहिलं तर रस्त्यावर तेलाची रेघ होती, दिसेल तिथपर्यंत.

एका ट्रकला बांधून गाडी संध्याकाळी गावात आणली. चौकात माणसं जमली. दगडोबाने विचारलं, "काय झालं अप्पा? परवाच तर काम केलं."

मला रस्त्यात सगळं कळून चुकलं होतं. तोंड उघडलं तेव्हा मात्र वेगळंच बाहेर पडलं. मी म्हणालो, "संगप्पाला विचारा."

एवढंच. पुढचं गावाने स्वतःच जुळवलं.

संगप्पा धावत आला. गाडीखाली गेला. वादीच्या कडेवरून बोट फिरवल्याचं मला दिसलं. बराच वेळ तो खालीच होता. बाहेर येऊन फडक्याला हात पुसत त्याने जोत्याकडे पाहिलं. पाईप तिथेच होता. मग मला हळूच विचारलं, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं, "अप्पा, कुणी आवळलं का हे?"

"कोण आवळणार?" मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "वादी फुटली," एवढंच चार माणसांत बोलला आणि घरी गेला. चौकातून जाताना मागून कोणीतरी म्हणालं, "जाम करून टाकलं की रे इंजिन." तेव्हापासून त्याचं नाव जाम संगप्पा पडलं.

आठ दिवसांनी साहेब जीपने आले. आधी सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणाले, मन्मथअप्पांना विचारा, त्यांच्याच गाडीचं काम त्याने केलंय. साहेब आमच्या ओसरीवर बसले. जगदेवीने ताक दिलं. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

"माणूस कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"सरळ आहे. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"आणि काम?"

मी गाडीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

"हीच का ती?"

"हीच."

त्यांनी ताक संपवलं, वही मिटली आणि निघाले. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर जगदेवी दारातून म्हणाली, "नुसतं बघितलं तुम्ही. बोलला असता तरी बरं झालं असतं." मी बोल्ट आवळले त्या दुपारी ती जागी होती की काय, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती गेली त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

जागा दुसऱ्या गावच्या माणसाला मिळाली. गावात संगप्पाकडे कोणी सायकलसुद्धा देईना. माझी गाडी मी लातूरला नेऊन दुरुस्त केली. तिथला मिस्त्री म्हणाला, वादी कोणीतरी चिरडलीय. मी ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात संगप्पा किनवटकडे गेला. तिकडे जंगलातल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात पंप, मोटर, दिवे बघायला माणूस हवा होता. त्याची बायको महादेवी, त्याची आई आणि मुलगी इथेच राहिल्या. मुलीचं बालपण त्याने दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाहिलं. वीस वर्षं.

तो गेल्यावर बारा वर्षांनी मी किनवटला गेलो. घरी सांगितलं, सागवानाची चौकट पाहायला जातो. नांदेडहून गाडीत बसलो तेव्हापासून काय बोलायचं ते मनात घोकत होतो. वसतिगृहामागे विहिरीजवळ मोटरची खोली होती. तो तिथेच बसला होता. केस पांढरे झालेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"शरणार्थी, अप्पा." आमच्या लिंगायतांत नमस्काराला असंच म्हणतात. "इकडं कुणीकडं?"

"चौकट पाहायला आलो होतो."

त्याने चहा केला. पंप चालू होता, ग्लँडमधून थेंब पडत होता. मी त्या थेंबाकडेच बघत होतो. तो म्हणाला, "पडू द्या. त्यानंच दांडा थंड ऱ्हातो."

मग मी सांगून टाकलं. घोकलेलं काही आठवलं नाही. "ते बोल्ट मी आवळले होते," एवढंच म्हणालो.

"ठावं हाय की."

"कसं?"

"बोल्टांची डोकी गोल झाली व्हती. मनगटानं डोकी गोल होत न्हाईत."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं की तुमाला. तुमी म्हणलाव, कोण आवळणार." त्याने बशीत चहा ओतला. "म्हणलं अप्पा हायत, दोन दिसांनी सांगतील. साहेब येऊन जाईस्तोवर वाट बघितली."

तो रागाने बोलत नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "संगप्पा, माझं चुकलं."

"मला सांगून काय उपेग, अप्पा? मला ठावंच हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

परतताना गाडीत ठरवलं की उद्याच चौकात सांगायचं. उद्या बाजार होता. परवा पाहुणे आले. त्यानंतर काय आलं ते आठवत नाही. अशी सव्वीस-सत्तावीस वर्षं गेली.

नोकरी संपवून संगप्पा गावात परतला, त्यालाही बराच काळ लोटला. दगडोबाच्या हॉटेलात रोज सकाळी आम्ही भेटतो. तो "शरणार्थी, अप्पा" म्हणतो, मीही म्हणतो. किनवटचं बोलणं त्याने पुन्हा एकदाही काढलं नाही.

मी सुरुवातीला सांगितलेली पाटी त्याच्या नातवाने लावली आहे. मुलीचा मुलगा. आयटीआय करून, पुण्यात चार वर्षं काम करून आला, आणि बसस्टँडजवळ गॅरेज टाकलं. नाव दिलं 'संगप्पा मोटर गॅरेज'. पाटी लागली त्या सकाळी हॉटेलात चर्चा झालीच.

"जाम संगप्पाचं गॅरेज," दगडोबा गल्ल्यावरून म्हणाला. "चालू गाडी नेऊ नका रे तिथं. बंद पडलेलीच न्या, म्हंजे नुकसान न्हाई."

सगळे हसले. संगप्पाही बशीत बघून हसला. नातू बाहेर मोटरसायकलवर बसला होता. तो हसला नाही. त्या दिवशी तिथे असलेल्यांतले निम्मे लोक त्या दुष्काळात जन्मलेही नव्हते, पण नाव त्यांना पाठ होतं.

मी उभा राहिलो. हॉटेलात मी कधी उभा राहून बोललेलो नाही. "दगडोबा, ते इंजिन संगप्पानं घालवलं नव्हतं. बोल्ट मी आवळले होते. पाईप लावून."

मग दगडोबा म्हणाला, "अप्पा, तुमचं मन लई मोठं."

"मन मोठं नाही, खरं सांगतोय."

"हाव हाव. म्हाताऱ्या माणसाची अब्रू झाकायला सोतावर घेऊन राहिले. अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता."

"अरे, ते खरंच बोलून राहिले," संगप्पा म्हणाला.

"बघा," दगडोबा बाकीच्यांना म्हणाला, "दोघं बी एकमेकांचं झाकतेत."

लोक कौतुकाने माझ्याकडे बघत होते. एकाने उठून मला नमस्कार केला. मी चहा अर्धा टाकून निघालो. खोटं बोललो तेव्हा गावाने चटकन विश्वास ठेवला होता, आणि आता खरं बोललो तर माझाच मान वाढवला. घरी येऊन मी वाचनालयाला होकार कळवला.

म्हणून हे सगळं बारकाव्यासकट लिहिलं आहे. पाना दहा नंबरचा होता. पाईप एक इंची, सव्वा हात लांब. वेळ दुपारची, टँकर येऊन गेल्यानंतरची. यात मोठं मन वगैरे काही नाही. वाचणाऱ्याने हे औदार्य समजू नये, अशी विनंती आहे.

तो पाईप मी माळ्यावर ठेवला होता. टाकवला नाही. एका तोंडाला आतून पान्याच्या दांड्याची खूण आहे. इथवर लिहून झाल्यावर परवा तो घेऊन गॅरेजात गेलो. नातू एका टेंपोखाली होता. बाहेर आला, हात पुसले. मी पाईप त्याच्या हातात दिला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने पाईपच्या तोंडात बोट घालून ती खूण चाचपली. त्याचा आजोबाही असंच बोट फिरवायचा.

"मनगटानं आवळा, असं आजोबांनी तुम्हाला सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

"सांगितलं होतं."

"थेंब पडू द्या, हे पण?"

"हे पण."

"मग?"

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर असायला हवं. भिंतीवर पान्यांच्या रांगेच्या शेवटी एक खिळा होता, त्याला त्याने तो पाईप सुतळीने टांगला आणि पुन्हा टेंपोखाली गेला.

पाईप तिथेच आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहावा.